टर्बो बसला, वायरींचं काय?

इंजिनाला टर्बो बसवणं हे मुळात नळकाम आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू एका चक्रीला फिरवतो, त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. बाकीचं सगळं जोडकाम: तेलाची एक नळी आत, एक बाहेर, दाबून गरम झालेली हवा थंड करायला इंटरकूलर, आणि या सगळ्यांना जोडणारे पाइप. ज्याला वेल्डिंग येतं, किंवा ज्याचा मित्र वेल्डिंग करतो, त्याचं हे काम दोन-चार रविवारांत उरकतं. घरच्या गॅरेजात टर्बो गाडी बांधणारे हौशी लोक अडकतात ते त्याच्या पुढे. पाइप चकाकत असतात आणि गाडी मात्र महिनोन्महिने स्टँडवर उभी. डॅशबोर्डखालून वायरींचा गुंता लोंबत असतो आणि मालक रोज रात्री त्याच्याकडे बघून झोपायला जातो.

त्याला पडलेला प्रश्न असा. इंजिन सांभाळणारा गाडीतला मूळ कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, टर्बोसाठी बनलेला नाही. मग तो तसाच ठेवून काही जोड द्यायची, त्याला फसवायचं, की काढून दुसरा बसवायचा? आणि दुसरा बसवायचा तर कंपनीनं दिलेल्या वायरिंगला कात्री लावायची की नाही?

उदाहरणाला एकच गाडी घेतो. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदानं एमएक्स-५ ही दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी गाडी दाखवली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. पहिलं इंजिन १.६ लिटरचं, ११६ अश्वशक्तीचं. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथल्या हौशी मंडळींनी घरी टर्बो चढवलेल्या गाड्यांत हिचा नंबर फार वरचा. जुनी गाडी बरीच वर्षं स्वस्तात मिळत होती, इंजिन चिवट आहे, आणि याच घराण्यातलं टर्बोवालं इंजिन माझदानं स्वतःच ३२३ जीटीएक्समध्ये विकलं होतं. पण मला विचाराल तर खरं कारण वायरिंग. आजच्या गाडीत ढीगभर कॉम्प्युटर एकमेकांशी सतत बोलत असतात, एकाला हलवलं की दुसरा रुसतो. या गाडीत इंजिनाचा एकच डबा, आणि त्याच्या प्रत्येक पिनेला काय जोडलंय हे एका कागदावर मावतं.

तो डबा करतो काय? दर वेळी दोन आकडे ठरवतो. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा आणि ठिणगी नेमकी कधी पाडायची. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर चार स्ट्रोकचं एक आवर्तन साधारण १७ मिलिसेकंदांत संपतं, पेट्रोल फवारायला त्यातलाच वेळ. ठिणगीचं काम याहून नाजूक. ६,००० फेऱ्यांवर क्रँकशाफ्ट एक अंश फिरायला २८ मायक्रोसेकंद लागतात, आणि ठिणगी तीन-चार अंश लवकर पडली तरी टर्बो इंजिनात ते महागात पडू शकतं.

टर्बोनं वातावरणाच्या वर अर्धा बार दाब दिला तर ढोबळमानानं दीडपट हवा आत जाते. पेट्रोलही निदान दीडपट हवं. खरं तर त्याहून जास्त, कारण एरवी एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे गणित चालतं, पण दाबाखाली ते साडेअकरा-बारावर आणावं लागतं. जादा पेट्रोल ज्वलनाला थंडावा देतं. शिवाय ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते, नाहीतर उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं आणि इंजिन खणखणायला लागतं. हे नॉकिंग दाबाखाली काही सेकंद चाललं तरी पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटू शकतात.

मूळ ईसीयूला यातलं काहीच ठाऊक नाही. १.६ लिटरच्या मियाटात हवा मोजायला एक झडप असते, स्प्रिंग लावलेल्या दारासारखी. हवा जितकी जास्त, तितकं दार उघडतं, आणि दाराच्या कोनावरून ईसीयू हवेचा अंदाज बांधतो. टर्बो जोर धरतो तेव्हा दार भिंतीला टेकतं. त्यापुढे कितीही हवा आली तरी ईसीयूच्या लेखी ती तेवढीच.

यावरचा सगळ्यात जुना उपाय वायरीला हातच लावत नाही. इंधनाच्या परतीच्या वाटेवर एक जादा रेग्युलेटर लावायचा. टर्बोचा दाब जितका वाढेल त्याच्या कितीतरी पट तो इंधनाचा दाब वाढवतो, म्हणजे इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहिला तरी जास्त पेट्रोल बाहेर पडतं. ठिणगी मागे ओढायला वेगळा डबा. सुरुवातीच्या कित्येक तयार टर्बो किटांत हेच असायचं. कमी दाबावर, शहाण्या चालकाच्या हाती ते चाललंही. पण हे हातोड्यानं घड्याळ दुरुस्त करण्यासारखं आहे, त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

दुसरा मार्ग पिगीबॅकचा. मूळ ईसीयू आणि हवेची झडप यांच्यामधली वायर कापायची आणि मध्ये एक छोटा डबा बसवायचा. झडपेचा सिग्नल त्या डब्यातून जातो आणि ईसीयूला पोचतो तो बदललेला आकडा. सरळसरळ काटा मारण्याचा धंदा. तीन-चार वायरींना टॅप, एखाद-दुसरी कापायची, संध्याकाळपर्यंत काम फत्ते. म्हणून हा मार्ग एके काळी फार लोकप्रिय होता.

काटा मारण्यातली गोम मात्र नंतर कळते. समजा तुम्ही दीडपट मोठे इंजेक्टर बसवले. ते लागतातच, कारण मूळ इंजेक्टर मिनिटाला जेमतेम दोनशेच्या वर सीसी पेट्रोल देतात आणि १८० अश्वशक्तीसाठी साडेतीनशेच्या घरात लागतं. आता साध्या चालीत इंजिन पेट्रोलनं भिजू नये म्हणून पिगीबॅक डबा ईसीयूला सांगतो की हवा दोन-तृतीयांशच आहे. पेट्रोलचं गणित जुळतं. पण ईसीयू ठिणगीही त्याच हवेच्या आकड्यावरून ठरवतो. हवा कमी म्हणजे इंजिनावर भार कमी, आणि भार कमी असेल तर ठिणगी लवकर पाडलेली चालते. म्हणजे ठिणगी उशिरा हवी नेमकी त्याच वेळी ती लवकर पडते. एक खोटं झाकायला दुसरं बोलावं लागतं, तसं मग ठिणगीसाठी आणखी एक डबा आणि त्याच्या आणखी वायरी. मी पिगीबॅकच्या विरोधात आहे तो या कारणासाठी. यात निर्णय घेणारा कॉम्प्युटर नेहमीच अंधारात असतो.

तिसरा मार्ग स्वतंत्र ईसीयूचा. पूर्वी हे शर्यतवाल्यांचं आणि पैसेवाल्यांचं काम होतं. ऑस्ट्रेलियातल्या हॉल्टेक आणि मोटेक या कंपन्या १९८०च्या दशकापासून असे ईसीयू बनवत आहेत. घरगुती मेकॅनिकच्या हाती हे आलं ते २००१पासून. अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा ईसीयू तयार केला. सुटे भाग आणि मोकळा सर्किट बोर्ड घ्यायचा, घरच्या टेबलावर सोल्डर करायचा, आणि ३७ पिनांच्या एका कनेक्टरमधून गाडीला जोडायचा. पहिला मेगास्क्वर्ट फक्त पेट्रोल सांभाळायचा, ठिणगीचं काम पुढच्या आवृत्त्यांत आलं. नंतर ऑस्ट्रेलियातून स्पीडुइनो आला. त्याचा मेंदू म्हणजे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातही दिसणारा आर्डुइनो मेगा बोर्ड.

मेगास्क्वर्ट हवेची झडप वापरतच नाही. त्याच्या बोर्डावर एक दाबमापक चिप असते. इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डपासून तिच्यापर्यंत रबरी नळी न्यायची. ही चिप २५० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वर दीड बारपर्यंत दाब मोजते. दाब, हवेचं तापमान आणि फेऱ्या, या तिन्हींवरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली हे निघतं. मग झडप काढून फेकली तरी चालेल.

इथे नवशिक्याची पहिली फजिती होते. झडप काढतो, नवा ईसीयू लावतो, किल्ली फिरवतो. इंजिन सुरू होतं! आणि किल्ली सोडली की दोन सेकंदांत बंद. पुन्हा फिरवतो, पुन्हा तेच. माणूस पेट्रोलच्या आकड्यांत डोकं घालतो, तास घालवतो. कारण वेगळंच असतं. त्या झडपेच्या डब्यात एक छोटा खटका आहे. हवा वाहायला लागली की तो जुळतो आणि इंधन पंपाचा रिले चालू राहतो. गाडी अपघातात बंद पडली तर हवा थांबते, खटका सुटतो आणि पंपही थांबतो, हा त्यामागचा शहाणपणा. स्टार्टर फिरत असतो तोवर रिलेला वेगळ्या वाटेनं वीज मिळते, म्हणून इंजिन लागतं. किल्ली सोडली की पंप गप्प. उपाय एका वायरीचा. रिलेची ती वायर नव्या ईसीयूच्या पंपासाठीच्या पिनेला जोडायची. त्याच डब्यात हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही होता, तोही झडपेबरोबर गेला, म्हणजे पाइपात नवा सेन्सर आणि दोन नव्या वायरी. शिवाय या गाडीत थ्रॉटलवर बसवलेला सेन्सर नुसता खटका आहे. पाय पूर्ण वर किंवा पूर्ण खाली एवढंच तो सांगतो, मधलं काही नाही. अर्धा पाय दाबला की पूर्ण, हे ईसीयूला कळायला हवं असेल तर दुसऱ्या गाडीचा सेन्सर आणि आणखी एक वायर. एक डबा काढला आणि चार कामं निघाली. घर रंगवायला काढलं की प्लंबर बोलवावा लागतो, तसंच हे.

आता मूळ प्रश्न, हा नवा ईसीयू गाडीच्या वायरिंगला जोडायचा कसा.

एक पद्धत शेजारी-शेजारी बसवण्याची. मूळ ईसीयू जागेवर राहतो, एसी, आयडलिंग आणि दिवे सांभाळतो. नवा फक्त इंजेक्टर आणि ठिणगी ताब्यात घेतो. १९९६नंतरच्या अमेरिकी गाड्यांना हे सोयीचं पडतं, कारण तिथल्या अनेक राज्यांत प्रदूषण तपासणी करणारा माणूस गाडीच्या ओबीडी पोर्टमधून, म्हणजे तपासणीसाठीच्या सॉकेटमधून, मूळ ईसीयूलाच प्रश्न विचारतो. मात्र आपले इंजेक्टर कुठे गेले म्हणून मूळ ईसीयू तक्रार करतो, त्याची समजूत काढायला खोटे रेझिस्टर जोडावे लागतात. १९९०च्या मियाटाला ही कटकट कशाला?

दुसरी पद्धत प्लग लावा आणि चालवा. नव्या ईसीयूला मूळ गाडीचंच सॉकेट बसवलेलं असतं. डाव्या स्टिअरिंगच्या मियाटात शेजारच्या सीटच्या पायाशी, गालिच्याखाली मूळ ईसीयू असतो. तो काढायचा, तेच प्लग नव्याला लावायचे. मेगास्क्वर्टचे असे खास मियाटासाठीचे तयार डबे मिळत आले आहेत. पैसे जास्त जातात, पण कंपनीच्या वायरिंगची एकही वायर तुटत नाही, आणि पुढेमागे मूळ ईसीयू पाच मिनिटांत परत बसतो.

तिसरी पद्धत याच कल्पनेची गरीब बहीण, आणि माझी आवडती. भंगारातून एक मेलेला मूळ ईसीयू आणायचा. आतला बोर्ड काढायचा, फक्त सॉकेट ठेवायचं, आणि त्याच्या पिनांपासून मेगास्क्वर्टच्या ३७ पिनांच्या कनेक्टरपर्यंत हातभर लांबीचं जोड-हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, बांधायचं. गाडीचा प्लग या सॉकेटमध्ये, मेगास्क्वर्ट दुसऱ्या टोकाला. सगळे जोड एका जागी, टेबलावर बसून चांगल्या उजेडात केलेले, प्रत्येक वायर मल्टिमीटरनं तपासलेली. गाडीत उलटं झोपून, तोंडात टॉर्च धरून करायचं काही उरत नाही.

चौथी म्हणजे कात्री. प्लगपासून वीतभर मागे वायरी कापायच्या आणि नव्या ईसीयूच्या वायरींना थेट जोडायच्या. स्वस्त, आणि बरेच लोक हेच करतात. चुकलं तर मूळ ईसीयू लावून निदान करायची सोय संपली, आणि गाडी विकताना समोरचा माणूस गालिचा उचलून बघतो आणि किंमत पाडतो.

पाचवी, सगळं मूळ इंजिन वायरिंग काढून नवं हार्नेस बांधायचं. याची भुरळ फार मोठी असते. शर्यतीच्या गाड्यांत वापरतात तसली पातळ, तापमान सोसणारी टेफझेल वायर, गाठी न पडता पीळ देऊन एकावर एक थर रचलेलं हार्नेस, वर काळी श्रिंक ट्यूब, डॉइच कनेक्टर. फोटो बघूनच जीव जडतो. पण चार सिलिंडरच्या साध्या इंजिनालाही इंजेक्टर, कॉइल, सेन्सर, रिले आणि अर्थ धरून पन्नासच्या आसपास टोकं सहज होतात, आणि प्रत्येक टोक म्हणजे चुकायची एक नवी जागा. जुनं वायरिंग उंदरांनी खाल्लं असेल, उन्हानं चुरा होत असेल, किंवा गाडी फक्त ट्रॅकवर पळणार असेल तरच या वाटेला जावं.

एका मोहाबद्दल इथे बोलायला हवं. मूळ मियाटात चार इंजेक्टर दोन-दोनच्या जोड्यांत आहेत, एक आणि तीन एका वायरीवर, दोन आणि चार दुसरीवर. नवा ईसीयू चारही वेगवेगळे चालवू शकतो, म्हणून लोक इंजिनापर्यंत दोन नव्या वायरी ओढतात. आयडलिंग थोडं गुळगुळीत होतं, एवढाच काय तो फायदा. पूर्ण दाबावर इंजेक्टर तसेही जवळजवळ सगळा वेळ उघडे असतात, जोडीनं काय आणि एकेकट्यानं काय. पहिल्या बांधणीत या फंदात पडू नये.

वायरिंगमधली खरी समज अर्थची आहे, आणि घरच्या विजेची सवय असलेला माणूस नेमका इथेच चुकतो. घरात खटका फेजवर असतो. गाडीत ईसीयू खटका मारतो तो अर्थच्या बाजूला. इंजेक्टरला किल्ली चालू असेपर्यंत १२ व्होल्ट सतत मिळत असतात, ईसीयू दुसरं टोक अर्थला जोडतो तेव्हा तो उघडतो. आता ती दुसरी वायर इंजिनाच्या कडेला घासून सोलली आणि बॉडीला टेकली तर? फ्यूज उडत नाही, कारण हा शॉर्ट नाहीच, हा म्हणजे ईसीयूनं इंजेक्टर कायमचा उघडल्यासारखा प्रकार. पंप चालू असेल तर तो सिलिंडर पेट्रोलनं भरत जातो. पेट्रोल दाबलं जात नाही. पुढच्या वेळी स्टार्टर फिरवला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इंजेक्टरच्या वायरी फायरवॉलच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट लावायचं ते यासाठी.

दुसरी गोष्ट, सेन्सरचा अर्थ आणि ताकदीचा अर्थ वेगळे. कॉइल आणि पंखे यांचा प्रवाह जाडजूड असतो. समजा २० अँपियर एका गंजलेल्या अर्थ-बोल्टमधून जातायत आणि तिथे अवरोध फक्त ०.०१ ओहम आहे. तरीही तिथे ०.२ व्होल्ट उभे राहतात. दाबाचा सेन्सर बोर्डाबाहेर बसवलेला असेल आणि त्याचा अर्थ त्याच बोल्टवर असेल तर हा ०.२ व्होल्टचा खोटेपणा ईसीयूला १० किलोपास्कल वाटतो. दीड बार एकूण दाबावर ही सहा-सात टक्क्यांची चूक झाली, आणि ती पंखा चालू-बंद होईल तशी येते-जाते. दिवस दिवस पेट्रोलच्या तक्त्यात आकडे बदलून लोक थकतात, दोष एका बोल्टखालच्या गंजात असतो. सगळ्या सेन्सरचे अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनेवर परत न्यायचे. ईसीयूचे ताकदीचे अर्थ घासून स्वच्छ केलेल्या इंजिन ब्लॉकवर, एकाच जागी. फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरची वायर जाळीच्या आवरणाची घ्यायची आणि ती जाळी ईसीयूच्या टोकालाच अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली तर जाळीतूनच प्रवाह वाहायला लागतो.

वायरीची जाडी हा विषय लोक अंदाजावर सोडतात, तिथे थोडं गणित करू. इंधन पंप १० अँपियर घेतो, त्याच्यापर्यंत चार मीटर वायर. पाऊण एमएमची घेतली तर जाताना जवळजवळ एक व्होल्ट वायरीतच संपतो. अडीच एमएमची घेतली तर पाव व्होल्टाच्या थोडा वर. एक व्होल्ट कमी मिळालेला पंप हळू फिरतो, आणि त्याची कमतरता जाणवते ती पूर्ण दाबावर, जिथे पेट्रोल कमी पडणं सगळ्यात घातक. सेन्सरला अर्धा एमएम पुरे, पंप आणि पंख्यांना अडीच.

जोड कसा करावा यावर हौशी लोकांत गावकीच्या भांडणासारखी भांडणं होतात. आमच्या गल्लीतला वायरमन दातानं इन्सुलेशन सोलतो, दोन तारांना पीळ देतो आणि काळी पट्टी गुंडाळतो. हॉर्नला, इंडिकेटरला ते वर्षानुवर्षं चालतं. हॉर्न एखाद्या खड्ड्यात क्षणभर गप्प झाला तर कुणाला कळतही नाही. इंजेक्टर मात्र क्षणभरही गप्प झालेला चालत नाही. सोल्डर केलेला जोड विजेला उत्तम, पण सोल्डर वितळून तारेत जिथवर चढतं तिथे तार ताठ होते आणि थरथराटानं नेमकी त्या कडेला तुटते. योग्य मापाच्या पकडीनं केलेलं क्रिम्पिंग आणि वर गोंदवाली श्रिंक ट्यूब, इंजिनाच्या बाजूला तरी हेच बरं. सोल्डरच करायचं असेल तर डॅशबोर्डखाली, जिथे वायर बांधून हलणार नाही अशी ठेवता येते.

पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. इंजेक्टर आणि कॉइलचे प्लग काढून ठेवायचे, किल्ली लावायची, प्रत्येक पिनेवर अपेक्षित व्होल्ट येतात का पाहायचं. कॉइलचा सिग्नल उलटा ठेवला गेला तर कॉइल जवळजवळ सतत भरलेलीच राहते आणि बघता बघता तापून जाते. हे सेटिंग कॉइल जोडण्याआधी दोनदा तपासावं. मग सॉफ्टवेअरमध्ये ठिणगी १० अंशांवर कुलूपबंद करायची आणि टायमिंग लाइट लावून पुलीवरची खूण खरोखर १० वर येते का ते बघायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर १० दिसणं आणि इंजिनात १० असणं या दोन गोष्टी आहेत. त्यातला फरक मिटल्याशिवाय टर्बोला दाब बनवू द्यायचा नाही.

कायद्याचंही थोडं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीच्या प्रदूषण यंत्रणेत फेरफार करायला संघराज्याच्या कायद्यानं बंदी आहे. कॅलिफोर्नियात तर जोडलेल्या भागाला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि उत्पादकानं दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे महाराष्ट्रातल्या रस्त्यावर असली गाडी आणायचा विचार सोडून द्यावा.

इकडे हे शिकायची जागा वेगळी आहे. फॉर्म्युला भारतसारख्या विद्यार्थी स्पर्धांत इंजिन ७१० सीसीच्या आत असावं लागतं आणि पेट्रोल इंजिनाची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते. टर्बोला मुभा आहे. चाकणला बनलेल्या केटीएम ३९० मोटारसायकलींचं ३७३ सीसीचं इंजिन आपल्या मुलांना ओळखीचं आणि हाताशी असलेलं. अशा गाडीत मूळ मोटारसायकलचं वायरिंग फारसं उपयोगी पडत नाही, सीटखालचं आणि मीटरचं अर्धं तर बिनकामाचंच, म्हणून हार्नेस बहुधा नव्यानं बांधावं लागतं. त्यात चालकाचं आपत्कालीन बटण, ब्रेक पेडल वाजवीपेक्षा खोल गेलं तर सुटणारा खटका आणि धडकेचा खटका हे सगळे एका मालिकेत येतात. यातलं काहीही तुटलं की पंप आणि ठिणगी दोन्ही बंद झाली पाहिजेत. पंचविशीच्या आतली मुलं हे रात्री जागून करतात.

पहिल्यांदाच टर्बो मियाटा बांधणाऱ्यानं भंगारातलं सॉकेट वापरून जोड-हार्नेस करावं, मूळ वायरिंगला कात्री लावू नये, आणि नव्या म्हणून फक्त पंप, हवेचं तापमान, थ्रॉटल आणि एग्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरच्या वायरी घालाव्यात. कुठल्या पिनेला कुठल्या रंगाची वायर जोडली हे त्याच दिवशी कागदावर लिहा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीतच ठेवा. दोन वर्षांनी पावसात गाडी बंद पडेल तेव्हा तो शोधणारे तुम्हीच असाल.